सात वाजताचं ताट

त्या वर्षीच्या तपासणीत माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो भरलं. मी एसटीचा ड्रायव्हर, भोर डेपोचा, वय तेव्हा सत्तेचाळीस. आमच्या डोळ्यांची, रक्ताची तपासणी अधूनमधून होत असते. डोळे चांगले निघाले. रक्तातली साखर मात्र काठावर आली होती. गोळी सुरू करण्याइतकी नाही, पण सोडून देण्यासारखीही नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "जेवता किती वाजता?"

"मिळेल तेव्हा."

"कालचं सांगा."

मी सांगायला लागलो. सकाळी सहाला चहा-खारी. नऊला स्टँडवर वडापाव. अकराला चहा. डबा दीडला उघडायचा, तो गाडी लेट झाल्यामुळे साडेतीनला उघडला. पाचला भजी, कारण कंडक्टरनं मागवली होती. सातला चहा. घरी पोचलो साडेआठला, आंघोळ केली, टीव्ही बघितला आणि सगळे मिळून साडेनऊला जेवलो. भात दोनदा घेतला. मग दहा मिनिटांत झोपलो.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "रात्रीचं जेवण सातच्या सुमाराला करून बघा. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. वजन किती उतरेल हे मी सांगू शकत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. पण तुमच्या पोटाला आणि साखरेला बरं पडेल असं वाटतं. तीन-चार महिन्यांनी या."

मला हे सोपं वाटलं. काही सोडायचं नाही, कडू काढा प्यायचा नाही, फक्त ताट अडीच तास अलीकडे ओढायचं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाटघरला अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं, उंची, कोण काय खातं, हे तिच्या वहीत सगळं असतं. ती म्हणाली, "सातला तुम्ही असता कुठं? गाडीवर. स्टिअरिंगवर ताट ठेवणार का?"

ते खरं होतं. सातला जेवायचं तर सातला मोकळं असायला हवं, आणि डेपोत तशी गाडी एकच होती. वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या कडेला एका वाडीला जाणारी मुक्कामी गाडी. भोरहून साडेतीनला सुटायची, नसरापूर, वेल्हे करत सव्वासहाला वाडीवर पोचायची आणि सकाळी साडेपाचला परत निघायची. एक दिवसाआड मुक्काम. त्या गाडीवर जायला कुणी राजी नसायचं, कारण वर मोबाईलला रेंज नव्हती आणि झोपायला शाळेची खोली. मी आपण होऊन ती मागून घेतली. ड्युटी लावणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

माझ्याबरोबर जो कंडक्टर आला त्यानं ती मागितली नव्हती. वयानं माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा, अंगानं काडी. पन्नास-एकावन्न किलोच्या वर कधी गेला नाही. त्याच्या खिशात कायम शेवेची पुडी, चहात तीन चमचे साखर, आणि जेवणाची वेळ अशी काही नाहीच. डेपोतले सगळे त्याचा हेवा करायचे. पहिल्याच फेरीला घाट चढताना तो म्हणाला, "तुझं पोट कमी करायला मला डोंगरात आणलंस व्हय?"

पहिला आठवडा आम्ही घरच्या डब्यावर काढला. दुपारी भरलेला डबा संध्याकाळपर्यंत गार, भाजीला वास आलेला. मी सातला उघडायचो. कंडक्टर नऊला. तिसऱ्या मुक्कामाला माझ्या डब्यातलं वरण पार आंबलं होतं. मी ते शाळेमागं सांडत असताना खालच्या अंगाच्या घरातली बाई बघत होती. धनगराचं घर होतं ते. म्हातारा-म्हातारी, चार म्हशी, पंधरा-वीस शेरडं. लेक पुण्याला कामाला, सणाला येणारा. बाईंनी खालूनच हाक दिली.

"दादा, काय सांडताय?"

"वरण आंबलं, मावशी."

"मग हिकडं या की. दोगं बी या. आमचं आत्ताच व्हतंय."

आम्ही थोडे आढेवेढे घेतले. मग गेलो. नुकतं अंधारून येत होतं. म्हशी पिळून झाल्या होत्या, बाबा हात धुऊन ओट्यावर बसले होते. मावशींनी चुलीपुढं ताटल्या मांडल्या. नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, लसणाची चटणी, वाडग्यात ताक. बस्स. भाकरी मोठी होती, एकीतच माणूस आवरायचा. मी दुसरी मागितली नाही, मागायची वेळच आली नाही. आमटीनं पोट गच्च झालं होतं. कंडक्टरनं दोन खाल्ल्या आणि वर गूळ मागितला.

जेवण उरकेपर्यंत पुरता अंधार पडला. मावशींनी भांडी घासून पालथी घातली, आणि त्या घरातलं खाणंपिणं दुसऱ्या सकाळपर्यंत संपलं. शेवेची पुडी नाही, बडीशेप नाही, झोपताना कपभर दूध नाही. मी शाळेत येऊन पडलो. रोज माझ्या छातीत जी जळजळ व्हायची, जिच्यासाठी मी उशाला गोळीची पट्टी ठेवायचो, ती त्या दिवशी झाली नाही. मी तिची वाट बघतच झोपलो.

त्यानंतर आमचा नेम झाला. मुक्कामाच्या दिवशी जेवण मावशींकडं. पैसे त्यांनी घेतले नाहीत, म्हणून आम्ही खालून सामान न्यायचो. भोरच्या बाजारातून भाजी, चहापावडर, म्हशींसाठी मीठ. एकदा मावशींनी कागदात गुंडाळलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात दिलं. म्हणाल्या, "नसरापुरास्नं ही आणाल का? बीपीची हाय."

मी चकित झालो. तोवर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जन्मभर लवकर जेवलेल्या माणसाला काही होत नाही. मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही पहिल्यापासून याच वेळेला जेवता?"

"येळ कुठली? घड्याळ कुणी बगितलंय. म्हशी पिळल्या की भूक लागती, भूक लागली की जेवायचं."

"म्हणूनच तुम्ही असे टणक."

बाबांनी गुडघा दाखवला. "ह्यो बग टणकपणा. उतरताना रडवतोय. आन् हिला बीपी. पोरा, आमी लवकर जेवतो कारण अंधारात काय करायचं? सकाळी चारला उटायचं असतंय. तुमच्यागत टीव्ही असता तर आमी बी धा वाजवले असते."

मावशींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "पर येक हाय. जेवून लगेच आडवं झालं तर मला करपट ढेकर येत्यात. पोटाला बी जरा बसाया मिळाया हवं."

दिवाळीनंतर सुरू झालेली ती ड्युटी शिमग्यापर्यंत चालली. मधल्या दिवशी मी दुपारीच घरी असायचो, तेव्हा बायको मला सातला ताट द्यायची. मी एकटाच जेवायचो, कारण आमची मुलगी अकरावीला होती आणि तिचा भोरचा क्लास सुटून ती घरी यायला साडेआठ व्हायचे. त्या दोघी नंतर जेवायच्या.

माझं वजन आम्ही भाताच्या गिरणीत करायचो. घरी काटा नव्हता, आणि अंगणवाडीतला काटा बायको मला वापरू द्यायला तयार नव्हती. "तो पोरांचा आणि पोटुशी बायांचा. तुम्ही दोन्हींत बसत नाही," म्हणाली. गिरणी आमच्या घरामागंच. तिथं पोती तोलायचा मोठा काटा होता. सकाळचं पहिलं पोतं यायच्या आधी मी त्यावर उभा राहायचो. शिमग्याला मी साडेत्र्याऐंशी भरलो. गिरणीवाल्यानं आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "साडेचार किलो कोंडा गेला."

मी डेपोत भाषण ठोकायला लागलो. काय खाता ते सोडा, कधी खाता ते बघा. माझं ऐकून एका मेकॅनिकनं आपल्या घरी जेवणाची वेळ बदलायला लावली आणि त्याच्या बायकोनं मला फोनवर चांगलं सुनावलं. पण खरा विरोध माझ्याच गाडीत होता.

"मी बी त्याच येळंला जेवलो," कंडक्टर म्हणाला. "त्याच चुलीपुढं. माझं वजन कुठं हललं?"

"तुझ्यात हलायला आहे काय?"

"मग येळंनं उतारतं म्हणू नको. तुझं मावशीच्या भाकरीनं उतारलं. स्टँडवर तू किती वडे खायचास? वर वडा कुठनं मिळणार?"

मी आवाज वाढवला.

शिमग्यानंतर ड्युटी बदलली. मला आणि कंडक्टरला भोर-वेल्हे दिवसाच्या फेऱ्या मिळाल्या. मुक्काम गेला. घरी पोचायला पुन्हा साडेआठ आणि जेवायला नऊ, साडेनऊ. जळजळ परतली, गोळ्यांची पट्टी परतली. पावसाळा लागेपर्यंत गिरणीतला काटा शहाऐंशीवर गेला.

मी बायकोला म्हणालो, "बघ, वेळेचाच खेळ आहे. वेळ हलली, वजन हललं."

ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "वेळ हलली, आणि भजीपण परत आली. आठवड्यातनं किती दिवस खाता? खरं सांगा."

"तीन."

"म्हणजे पाच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते कसं कळणार? आमच्याकडं एखाद्या पोराचं वजन वाढलं तर आधी विचारावं लागतं, अंडं सुरू केलं की जंताची गोळी दिली. तुमचं तसंच आहे."

मग तिनं ठरवलं. एक महिना मी रात्री नऊलाच जेवायचं, पण तिनं मोजून दिलेलं. दीड भाकरी, वाटीभर भात, वाटीभर आमटी, दोन डाव भाजी, ताक. दिवसा सकाळचा नाश्ता घरून, दुपारचा डबा घरून, बाहेरचं काही नाही, चहा दोन आणि तेही अर्धी साखर. दुसऱ्या महिन्यात तेच, अगदी तेवढंच, पण रात्रीचं जेवण सातच्या आत. दर रविवारी सकाळी काट्यावर, अंगात तेच कपडे, पोट रिकामं. तिनं नवी वही घेतली. पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि सवयीनं "आईचे नाव" अशी ओळही आखली.

पहिला महिना मला कठीण गेला. नसरापूरला गाडी उभी केली की भज्यांचा घाणा अगदी नाकासमोर. कंडक्टर मुद्दाम माझ्या खिडकीखाली उभा राहून खायचा. पहिले आठ दिवस माझं डोकं दुखलं आणि मी प्रवाशांवर खेकसलो. पण रविवारी काटा खाली जायला लागला. महिनाअखेर सव्वा किलो उतरलं होतं. नऊला जेवून. बायकोनं वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या, तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या महिन्याचा प्रश्न वेगळा होता. सातला मी गाडीवर. बायकोनं माझं वेळापत्रक मागितलं आणि बोट ठेवलं. वेल्ह्याहून येणारी आमची शेवटची फेरी पावणेसातला नसरापूरला लागायची आणि पुण्याकडून येणाऱ्या प्रवाशांसाठी तिथं वीस मिनिटं थांबायची. "इथं जेवायचं," ती म्हणाली.

तिनं मला गरम राहणारा डबा घेऊन दिला. नसरापूरच्या स्टँडवर बाकावर बसून मी जेवायला लागलो. पहिल्या दिवशी फार अवघडल्यासारखं झालं. गाडीत कंपनीतनं सुटून भोरला जाणाऱ्या पंधरा-वीस बायका बसलेल्या, सगळ्यांच्या नजरा माझ्या भाकरीवर. मी भराभर कोंबायला लागलो. पुढच्या सीटवरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "सावकाश जेवा भाऊ. ठसका लागला तर गाडी कोण चालवणार? आमाला बी जरा बसाया मिळतंय."

आठ-दहा दिवसांत तो रोजचा भागच झाला. कुणी लोणच्याची फोड आणून द्यायचं, मी वहीच्या धाकानं नको म्हणायचो, मग वहीची गोष्ट सांगावी लागली. मग त्या बायकाच पहारा करायला लागल्या. कंडक्टरनं एकदा मला भजं पुढं केलं तर गाडीतून तीन आवाज आले, "न्हाई चालायचं."

शरीर खूश होतं. जळजळ गेली. झोप अशी लागायची की सकाळी अलार्मच्या आधी जाग. पण घरी साडेआठला पोचलो की निराळाच त्रास. मुलगी क्लासहून यायची, त्या दोघी ताटं घ्यायच्या, आणि मी जेवून आलेला माणूस बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढं. आतून बोलण्याचे आवाज यायचे, हसणं यायचं. मी आत गेलो की बायको वहीकडं बघायची, म्हणून मी जातच नसे. एकदा सुकट भाजल्याचा वास आला. मी उठलो, ताट घेतलं, भाकरी घेतली आणि बसलो. पुरतं दुसरं जेवण जेवलो. बायकोनं अडवलं नाही. वहीत त्या तारखेला तिनं फक्त एक फुली मारली.

त्याच महिन्यात एक गोष्ट कळली. मुलीनं बारावीनंतर नर्सिंगला जायचं ठरवलं होतं. फॉर्मची माहिती काढली होती, आईशी चार वेळा बोलणं झालं होतं, पुण्याचं कॉलेजसुद्धा बघून ठेवलं होतं. मला ते शेजारच्या घरातून समजलं. मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती गोंधळली. "सांगितलं की. जेवताना." मग तिच्याच लक्षात आलं. "तुम्ही नव्हता ना पप्पा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की मी तिथं होतो, कारण आमच्या घरात सगळं बोलणं जेवतानाच होतं. शाळेतलं भांडण, मैत्रिणीचं लग्न, पायातली चप्पल तुटली, सगळं ताटावरच. मी मुक्कामाला होतो तेव्हापासून अर्धे दिवस आणि आता रोज, मी त्या बोलण्यातून उठून गेलो होतो. एकट्यानं लवकर जेवण्यात मी हे धरलंच नव्हतं. त्या दिवशी मला आतून वाईट वाटलं. मी बायकोला म्हणालो, "हा महिना झाला की मी नऊला तुमच्याबरोबर जेवणार. वाढू दे वजन."

ती म्हणाली, "आधी महिना पुरा करा. आणि आत येऊन बसायला तुम्हाला कुणी नको म्हटलं? जेवायचं नाही म्हटलंय, बसायचं नाही असं नाही."

हे इतकं सरळ होतं आणि मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या जेवणाला आत जाऊन बसायला लागलो. पाटावर, हातात ताकाचा पेला. पहिले दोन दिवस हाताला काही काम नाही म्हणून चुळबुळलो. मग वाढायचं काम घेतलं. सत्तेचाळीस वर्षांत मी प्रथमच घरात वाढत होतो. भात किती घालावा हे मला कळत नव्हतं, मुलगी "पप्पा, पुरे" म्हणत ताटावर हात धरायची. नर्सिंगचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून झालं, यावेळी माझ्यासमोर.

महिना संपला. रविवारी सकाळी गिरणीत आम्ही तिघं गेलो. कंडक्टरही आला होता, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. काटा सव्वात्र्याऐंशीवर थांबला. म्हणजे दुसऱ्या महिन्यात दीड किलो. पहिल्या महिन्यात सव्वा.

"पाव किलोचा फरक," बायको म्हणाली.

"पाव किलो तर ह्यांच्या चपलेला लागलेला चिखल असतो," गिरणीवाला म्हणाला. "माझा काटा भाताचा हाय वहिनी, सोन्याचा न्हाई."

"मग जिंकलं कोण?" कंडक्टरनं विचारलं.

बायकोनं वही मिटली. "वजन उतरवलं मोजून खाण्यानं. दोन्ही महिन्यांत उतरलं. वेळेनं थोडं केलं असेल, नसेल, ह्या काट्यावर दिसत नाही. पण जळजळ आणि झोप वेळेनं सुधारली, ते मी रोज बघितलंय. आणि सातला पोट भरलं की हे नंतर चरत नाहीत, फुलीचा दिवस सोडून."

पुढच्या तपासणीला मी ती वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, "आईचे नाव" या ओळीवर जरा थांबले. साखर काठावरून मागं सरकली होती. ते म्हणाले, "एका माणसावरून नियम काढता येत नाही, पण तुमच्यापुरतं तुम्हाला उत्तर मिळालं. वेळही सांभाळा, मापही सांभाळा."

मी आनंदात बाहेर आलो, तर बाकावर कंडक्टर बसलेला. हातात त्याचा कागद. त्याची साखर माझ्या दुप्पट निघाली होती.

त्यानं कागद उलटासुलटा करून बघितला. मग दारातून आत डोकावून म्हणाला, "डॉक्टर, कागदांची अदलाबदल न्हाई ना झाली? माझं वजन एकावन्न हाय. जाड ह्यो हाय."

डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, दार लावून पुष्कळ वेळ बोलले. गोळी सुरू झाली. गोळी आहे म्हणजे जेवण चुकवायचं नाही, वेळेवर खायचं, चहातली साखर बंद. परतीच्या फेरीला त्यानं तिकिटं फाडली ती खाली मान घालून. अंगानं काडी असलेला, सगळ्यांनी ज्याचा हेवा केला तो माणूस, आणि आजार त्याच्याकडं. मला माझी भाषणं आठवली आणि लाज वाटली. वजन आणि तब्येत या एकच गोष्ट असल्यासारखा मी वर्षभर बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी निघताना बायकोनं दोन डबे दिले. "त्यांच्या घरी सून नवी आहे, तिला घडी बसेपर्यंत इथून न्या," म्हणाली. पावणेसातला नसरापूरच्या बाकावर मी एक त्याच्यापुढं ठेवला. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं.

"गूळ न्हाई?"

"नाही."

"लोनचं?"

"त्या बायकांना विचार."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी खिडकीतून त्याला फोड दिली. तो जेवला. सावकाश, शेवटपर्यंत. पंधरा दिवसांनी त्याच्या सुनेचा डबा सुरू झाला, तो आमच्यापेक्षा बरा असायचा हे मी घरी कधी बोललो नाही. तीन महिन्यांनी त्याची साखर बरीच खाली आली. त्यानं तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि ओळखीच्या प्रत्येक प्रवाशाला दाखवला. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. आता घरी वेळेवर जेवतो आणि सुनेची तक्रार आहे की घड्याळाचा काटा सातवर यायच्या आधीच ते पाटावर येऊन बसतात.

माझं वजन आता ब्याऐंशी-त्र्याऐंशीत असतं. लग्नसराईत वाढतं, मग मोजून खाल्लं की उतरतं. ड्युटीप्रमाणे वेळ पुढंमागं होते. सातला जमलं तर सात, नाहीतर आठ. फार उशीर झाला तर थोडंच खातो.

मुलगी पुण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलच्या मेसमध्ये जेवण साडेसातला मिळतं आणि आठला खिडकी बंद होते. पहिल्या आठवड्यात तिनं फोन करून तक्रार केली, "पप्पा, साडेसातला कुणाला भूक लागते?" मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगायला लागलो. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, "ते आम्हाला पुस्तकात आहे. वेळेचं ठीक आहे, पण इथं जेवताना बोलायला कुणी नसतं." आता ती रोज साडेसातला मेसच्या टेबलावर फोन उभा करून ठेवते आणि व्हिडिओ कॉल लावते. त्या वेळी मी कधी नसरापूरला असतो, कधी घरी. बायको फोन भिंतीला टेकवून ठेवते आणि तिचं ताट दाखवायला लावते. भाजी कुठली, पोळी किती, वरणात डाळ आहे की नुसतं पाणी. मी गाडीवर असलो तर घरी आल्यावर परत फोन लागतो आणि माझ्यासाठी दोघी पुन्हा सांगतात.